चौदा सेकंदं, सावलीशिवाय

सीन : मृत्यू. वेळ : दुपार. टेक : एकच.

मालिका क्रमानं चित्रित होत नाही. राणी आज मरते आणि परवा तिचं लग्न लागतं. मधल्या दोन दिवसांत तिची नथ बदलली तर घरोघर लोक जेवता जेवता हसतात. त्यांनी हसू नये म्हणून मी असते. नाव मृण्मयी, राहणार नांदेड, काम कंटिन्युइटी. आधीच्या फोटोत काय होतं आणि नंतरच्या फोटोत काय नाही, एवढंच मी बघते आणि वहीत लिहिते.

म्हणून चौदा मेच्या दुपारी दीडच्या सुमाराला वडजाळ किल्ल्याच्या बुरुजाखाली सृष्टी पडलेली दिसली, तेव्हा मी ओरडले नाही. मी फोटो काढला. सवय.

आहे : हिरवं इरकल. कमरपट्टा. दोन्ही तोडे. नथ. डाव्या पायात वहाण.

नाही : उजव्या पायातली वहाण. गळ्यातलं लिंग.

मालिकेचं नाव ‘राणी रत्नम्मा’. उमरीच्या वसंतरावांच्या ‘बिनसावलीचा बुरूज’ या कादंबरीवरची. वसंतराव जाऊन सहा वर्षं झाली. कादंबरीच्या शेवटी किल्ला पडतो, राणी भर दुपारी बुरुजावर चढते, गळ्यातलं इष्टलिंग डबीसकट काढून तटाच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या कोनाड्यात ठेवते आणि खाली उडी घेते. त्या घटकेला, वसंतराव लिहितात, कशालाच सावली नव्हती.

राणी भार्गवी करायची. उंची, घोडा आणि उडी सृष्टी करायची. ती भार्गवीची डुप्लिकेट. वय तेवीस, गाव मुरुड, घर लिंगायत. खरं लिंग गळ्यात असणारी आमच्या राण्यांमधली ती एकटी.

“राणीनं काढलंच नसतं, ताई,” ती मला रोज सांगायची. “काढून ठिवायचं आन् मग मरायचं? उलटंच लिवलंय. तुमच्या लेखकाला उमरीत एक बी लिंगायत भेटला न्हाई व्हय?”

“त्यांना विचारायला वर जावं लागेल.”

“मी जातेच की रोज वर. विचारून येते.”

हसायची.

माझ्या वहीतलं त्या दिवशीचं पान असं आहे :

*सीन ४०. दरबार. किल्लेदाराच्या डाव्या मिशीचं टोक वर.*
*सीन ६१. बुरूज. राणी (भार्गवी). डबी कोनाड्यात. सीन अपुरा, उरलेला जेवणानंतर. हलवू नये.*
*सीन ६२. बुरूज. उडी (सृष्टी). झाला नाही.*

सीन : दारात माणूस

अकरा दिवसांनी संगप्पा माझ्या नांदेडच्या घरी आले. सृष्टीचे वडील. मुरुडला भुसाराचं दुकान. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे. मी पाणी दिलं, ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि तसंच धरून बसले.

“तुम्ही म्हणे आधीचं आन् नंतरचं जुळवून बघता.”

“हो अप्पा. सिनेमापुरतं.”

“माझ्या पोरीच्या गळ्यात आधी होतं. नंतर न्हाई. जुळवा.”

मी वही ओढली.

“पोलीस दोन गोष्टी सांगून राहिले. एक, ती तुमची कापडं नेसवणारी बाई, पंचशीला, चांदीच्या डबीसाठी तिनं काढून घेतलं. दुसरी,” त्यांचा आवाज कोरडा झाला, “पोरीनंच काढून ठिवलं. ताट वाढलेलं तसंच, घास न्हाई खाल्ला, एकटीच वर गेली. मन मोडलं होतं म्हणतात. आमच्यात माणूस जिता असोपर्यंत लिंग अंगावेगळं करत न्हाई, ताई. मातीत बसवलं तवा स्वामींनी तिच्या डाव्या हातात नवं लिंग ठिवलं. पण तिचं तिच्याजवळ न्हवतं. तिनं ते सोडलं का तिच्याकडून गेलं, एवढंच मला पायजे. मग पोलिसांना काय लिवायचं ते लिवू द्या.”

ते उठले. पेला भरलेलाच होता.

“आन् त्या पंचशीलेला बी विचारा,” दारातून म्हणाले. “पोरगी घरी यायची तवा तिचंच नाव काढायची. चोर असंल असं वाटत न्हाई. पण आता मला कायबी वाटायचं बंद झालंय.”

सीन : क्लिप

लातूरला एडिटिंगच्या खोलीत गंधारनं मला क्लिप दाखवली. गंधार आमचा दिग्दर्शक. बारावीपर्यंत लातूर, मग पुणे, आणि आता दोन्हीकडचं काहीच नीट बोलता न येणारा. बारा दिवसांत त्याची दाढी पांढरी दिसायला लागली होती.

“जेवणाच्या सुट्टीत दुसरा कॅमेरा चालू राहिला होता,” तो म्हणाला. “एक वाजून चोवीस मिनिटं. सहा मिनिटांनी ती पडली. पोलिसांना दिलीय. बघ, एकटी जातेय. कुणी ढकललं नाही, कुणी नेलं नाही.”

चौदा सेकंदं. मी वहीत उतरवली तशी :

१ ते ४. बुरुजाच्या पायऱ्या. पांढरं ऊन. कुणी नाही.

५. डावीकडून हिरवं इरकल. बाजूनं दिसतंय. पदर तोंडावरून पुढे ओढलेला.

६ ते ११. ती चढते. गळ्यातली चांदीची डबी हलते, कमरपट्ट्यावर आपटते. तक्. तक्. तक्.

१२. ती थांबते. वर बघते.

१३. पायऱ्यांवर तिची सावली नाही.

१४. काळं.

“परत लाव.”

परत लावली. तीच तक्, तक्. पायऱ्यांवर ऊन होतं, ती होती, आणि तिच्या पायांशी काहीच नव्हतं.

“युनिटमधली माणसं म्हणतात, ही सृष्टी नव्हेच,” गंधार हसला, पण नुसते दात दिसले. “राणी म्हणे. वसंतरावांची. मेकअपवाला तर अर्धापूरला मावशीकडे पळाला, केळीच्या बागेत बसलाय. फोन उचलत नाही.”

“आणि सीन एकसष्ट? भार्गवीचा? तो सुट्टीच्या आधी घेतलास ना. मी दरबाराच्या सेटवर होते, तू वॉकीटॉकीवर सांगितलंस आणि मी लिहून घेतलं.”

“त्या सीनचं मेमरी कार्ड गेलं. खराब झालं. काहीच उरलं नाही.”

“नशीब.”

“कुणाचं?” त्यानं विचारलं. मी सहज बोलले होते. त्याचा चेहरा मात्र सहज नव्हता.

सीन : पेटी

पंचशीलाताई राहतात नांदेडलाच. मालिका थांबल्यापासून कपड्यांच्या आठ पेट्या त्यांच्या पुढच्या खोलीत रचलेल्या होत्या, त्यामुळे त्या स्वतः मागच्या दारानं ये-जा करत होत्या.

“चोराच्या घरी आल्या का मॅडम?” त्या म्हणाल्या. “बसा. चांदीच्या पाटावर बसवते.”

“ताई.”

“न्हाई, बसा की. आमच्या गल्लीत आता मला डबीवाली म्हणून राहिलेत. पोरीचं यंदा कॉलेज. उद्या तिला म्हणतील डबीवालीची.” त्यांनी पेटीचं झाकण उघडलं. “पोलिसांनी हे बी उचकलं. डबी घावली म्हणून नाचले. मुरुडच्या अप्पांनी बघितली, हातात घेतली आन् म्हणाले, हे पत्रा हाय. नाच बंद.”

पेटीत, पांढऱ्या पंच्यात, मालिकेची डबी होती. पत्र्याची, चांदीचा रंग दिलेली, लांब काळा दोरा. मी ती ओळखत होते. तिचे माझ्याकडे दोनशे फोटो आहेत.

मी वही उघडली. मग पेटीत बघितलं. मग परत वहीत.

“ताई, ही वरून कोण घेऊन आलं?”

“वरून कुठून?”

“बुरुजावरून. सीन एकसष्टमध्ये भार्गवीनं डबी कोनाड्यात ठेवली. सृष्टी पडल्यानंतर वर कुणी गेलं?”

“कोण जाईल? पोलिसांनी पायऱ्या बंद केल्या. गावातलं तर कुत्रं बी जात न्हाई.”

“मग ही पेटीत कशी?”

पंचशीलाताईंनी झाकण लावलं. त्यावर दोन्ही हात ठेवले. 

“ही पेटीतून हललीच न्हवती,” त्या म्हणाल्या, आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

सीन : एकच वाक्य

मग कोनाड्यात काय होतं?

सीन : मुरुड

कमलम्मा, सृष्टीची आई, दुकानामागच्या घरात बसली होती. मला बघून उठली नाही. नुसतं म्हणाली, “जेवून जा.”

मी ताटाचा फोटो दाखवला. मी सगळ्याचेच फोटो काढते. पत्रावळीवर भात, वरण, वांग्याची भाजी, एक केळं. काहीच चिवडलेलं नाही. भातावर वरण ओतलेलं, तेही जसंच्या तसं वाळलेलं.

“पोलीस म्हणतात, मन नव्हतं तिचं जेवणात.”

“मन?” कमलम्मा म्हणाली. “माझ्या पोरीला भूक निघत न्हवती. परीक्षेला जाताना बी दोन भाकरी खाऊन जायची. ताई, गळ्यात लिंग नसंल तर आमी घास घेत न्हाई. पाणी बी न्हाई. ताट वाढून घेतलं म्हंजे जेवायचंच होतं तिला. ताटावर बसल्यावर गळ्याकडं हात गेला असंल.” तिचा स्वतःचा हात गळ्याकडे गेला होता. “मग उठली.”

मी पेनाचं टोपण लावलं. मग परत काढलं.

“अम्मा, आणखी एक दाखवू? त्रास होईल.”

“झालाय तो.”

मी फोनवर क्लिप लावली. तक्. तक्. तक्. संगप्पा दुकानातून उठून दारात येऊन उभे राहिले. कमलम्मानं फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग मला परत दिला.

“ही माझी सृष्टी न्हाई.”

“चेहरा तर झाकलाय, अम्मा.”

“चेहरा कशाला पायजे? डबी कुठं वाजून राहिली बघ. कमरपट्ट्यावर.” तिनं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. “लिंग इथं असतं. बेंबीच्या खाली जाऊ देत न्हाईत. आमचं तान्हं लेकरू बी जाऊ देत न्हाई. असं कमरेला लोंबवून फिरणारी बाई आमच्यातली न्हवं.”

“मेलेली असली तरी?” संगप्पांनी दारातून विचारलं. त्यांनीही राणीची गोष्ट ऐकली होती.

“मेलेली असली तरी,” कमलम्मा म्हणाली. “जेव.”

मी तिथं जेवले. शेंगाची चटणी होती. त्यांच्यासमोर घास गिळताना पहिल्यांदाच कळलं की ताट हा पुरावा असू शकतो.

सीन : सावली

माझे बाबा नांदेडला भूगोल शिकवायचे. दर मे महिन्यात एका दुपारी ते वर्ग उन्हात आणायचे, मैदानाच्या मधोमध रिकामी बाटली उभी करायचे आणि घड्याळ बघत राहायचे. बाटलीची सावली आत आत सरकायची आणि नाहीशी व्हायची. “सूर्य आज बरोबर डोक्यावर,” बाबा म्हणायचे. “वर्षातून दोनदा. दुसऱ्यांदा ढग असतात, म्हणून आजच बघून घ्या.” एक मुलगी हमखास रडायची. ती मीच होते.

मी त्यांना फोन केला.

“वडजाळला यंदा सावली कधी नव्हती, बाबा?”

“मेची चौदा,” ते लगेच म्हणाले. “बारा वाजून सतरा मिनिटं. पाचेक मिनिटं इकडेतिकडे.”

“आणि एक चोवीसला?”

“छे. तोवर सूर्य चांगला कलतो. माणसाची दीड फूट सावली पडेल, पूर्वेला. का गं?”

वसंतरावांनी हे उगाच लिहिलेलं नव्हतं. गंधारनंही चौदा तारीख उगाच निवडलेली नव्हती.

भार्गवीचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. आईवडील दोघेही प्राध्यापक, भिंतीवर तिच्या नाट्यस्पर्धांची पदकं. ती खिडक्या लावून बसली होती.

“दुपारी उघडत नाही,” ती म्हणाली. “दुपारी ती असते. हसू नकोस.”

“हसत नाहीये. भार्गवी, क्लिपमध्ये सृष्टी नाही. तू आहेस.”

तिनं खिडकीची कडी परत लावून बघितली.

“सव्वाबाराची क्लिप आहे. सीन एकसष्टची सुरुवात. कार्ड खराब झालं नाही, गंधारनं त्यातली चौदा सेकंदं कापली आणि सुट्टीची वेळ सांगितली. डबी कमरेपर्यंत लोंबतेय, कारण ती तुझ्या गळ्यात आहे, आणि ती कुठं असावी हे तुला माहीत नव्हतं. फक्त एक सांग. ती डबी पत्र्याची होती का?”

“मला वाटलं, नवी बनवली,” भार्गवी म्हणाली. तिचा आवाज पाचवीतल्या मुलीसारखा झाला. “गंधारनं आणून दिली. म्हणाला, पत्रा जवळून पत्राच दिसतो, ही बघ कशी चमकते. दोरा एवढासा होता, डबी पदरात झाकली जात होती. कॅमेऱ्याला दिसायला हवी ना? मी हातातला लाल नाडा सोडला, आईनं माहूरहून आणलेला, आणि दोऱ्याला जोडून लांब केला. पक्की गाठ मारली. वर गेले. सेफ्टीच्या पट्ट्याला दोर लावला, वाकून कोनाड्यात ठेवली. ठेवताना डबीला वास आला.”

“कसला?”

“भस्माचा.” तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले. “प्रॉपला वास नसतो, मृण्मयी. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी खाली आले आणि जेवायला बसले. मी दोनदा भात घेतला.”

सीन : दार उघडतं

या वेळी मी पंचशीलाताईंच्या मागच्या दारानं गेले.

“मी सांगते,” मी म्हणाले. “चुकलं तर थांबवा. सकाळी सृष्टीची बुरुजावर तालीम होती, उडीची. सेफ्टीचा पट्टा छातीवरून जातो. डबी रुतत होती. तिनं ती तुमच्याकडे दिली.”

“मी न्हाई म्हणले होते,” त्या म्हणाल्या. “म्हणले, बाई, मी कशी धरू तुमचं? ती म्हणाली, हात धुतलेत ना? मग धरा. दुसऱ्या कुणाकडं देत न्हाई मी. स्वच्छ पंचा काढला, त्यात बांधली, पेटीत पत्र्याच्या डबीशेजारी ठिवली. एक घंट्याचं काम. तेवढ्यात पट्टा भार्गवीताईला बांधायचा म्हणून मला बोलावलं. आले तर गंधारसाहेब पेटीतून डबी काढून निघालेच होते. म्हणाले, ही घेतो, पाच मिनिटं. मी म्हणले, ती सृष्टीबाईची हाय. म्हणाले, माहितीय, पाच मिनिटं.”

“आणि सुट्टीत तिनं मागितली.”

“ताट टाकून आली. मी सांगितलं, साहेबांनी नेली. ती त्यांच्याकडं गेली. पुढचं मला दिसलं न्हाई. मग…” त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “रातभर साहेबांचा फोन. बोलू नका, खरं लिंग वापरलं कळलं तर लोक सेट जाळतील, मी तुमचं बघतो. मी कुणाला सांगणार होते? मी म्हणले असते की ती माझ्याच हातात दिली होती, तर कोण खरं मानणार होतं? तिनं माझ्याकडं ठिवायला दिलं आन् माझ्याकडून गेलं. ह्ये तरी खरंच हाय ना?”

गंधारला मी फोनवरच विचारलं. त्यानं पलीकडे दार लावून घेतलं. मग म्हणाला, “हो. ती माझ्याकडे आली होती. मी म्हणालो, कोनाड्यात आहे, जेवणानंतर देतो. सीन अपुरा आहे, हलवता येणार नाही. ती म्हणाली, तोवर मी उपाशी राहू का? मला वाटलं ती थट्टा करतेय. ती नेहमी थट्टाच करायची.”

“आणि क्लिप?”

“ती अशीही वर गेलीच होती की! एकटीच. मी फक्त… दाखवलं.”

“उद्या पोलिसांकडे तू जातोस की मी जाऊ?”

तो गेला. मीही गेले, माझी वही घेऊन.

सीन : पिंपळ

एक गोष्ट अजून जुळत नव्हती. पोलिसांनी आता कोनाडा बघितला होता. कोनाडा रिकामा होता. सृष्टीच्या अंगावर नव्हतं, हातात नव्हतं, खाली दगडांत नव्हतं.

एकतीस मेला आम्ही वडजाळला गेलो. संगप्पा, कमलम्मा, पंचशीलाताई, मी. दुपारच होती, सकाळी निघूनही रस्त्यानं दुपार केली. किल्ल्यात चिटपाखरू नव्हतं. तटाचे दगड तापून वास मारत होते. आमच्या सावल्या परत आल्या होत्या, पायांशी दुमडून बसलेल्या, लहान.

मी बुरुजाखाली, ती होती तिथं, उभी राहिले. त्या दिवशी सगळ्यांनी खाली बघितलं होतं. मीसुद्धा. माझ्या फोटोत जमिनीच्या वरचं काहीच नाही.

या वेळी मी वर बघितलं.

कोनाड्याखाली, दोन पुरुष अंतरावर, तटातून पिंपळाचं रोप बाहेर आलेलं. त्यात काहीतरी लाल.

वारा आला. तक्.

पंचशीलाताईंनी माझं मनगट धरलं. परत वारा. डबी दगडावर आपटत होती. सतरा दिवस आपटत असणार.

गावातून चिंचा पाडायची आकडी आणली. लांब बांबू, टोकाला वाकडा खिळा. संगप्पांनी स्वतः धरली. पंचशीलाताई मागे सरकल्या.

“कुठं चालली?” ते म्हणाले.

“अप्पा, तुम्ही घ्या. खाली पडायला नको. अम्मांना पदर धरू द्या.”

“तू धर.”

“मी…”

“पोरीनं ठिवायला तुझ्याकडं दिलं होतं. मग तुझ्याकडंच येऊ दे.”

पंचशीलाताईंनी पदर पसरला. बांबू वर गेला, हलला, अडला. लाल नाडा फांदीतून सुटला. डबी त्यांच्या पदरात पडली. एवढीशी. त्यांनी पदर मिटला आणि तशाच खाली बसल्या. कुणीही त्यांना उठवलं नाही.

मग संगप्पांनी ओंजळ पुढे केली. डबी उघडून बघितली, लिंग होतं. ते दोऱ्याकडे बघत राहिले. आखूड पांढरा दोरा, सृष्टीचा. त्याला जोडलेला लाल नाडा. दोन टोकांना दोन गाठी. एक घट्ट. दुसरी अर्धी सुटलेली, तिचे धागे पिंजलेले, चुरगाळलेले.

“वाऱ्यानं सुटली का?” त्यांनी विचारलं.

मी गाठ जवळून बघितली. मग फोटो काढला. मग फोन खाली ठेवला, कारण हे फोटोत सांगता येण्यासारखं नव्हतं.

“वाऱ्यानं गाठ सैल होते, अप्पा. चावली जात नाही. हे दात आहेत.”

त्यांनी गाठ डोळ्यांजवळ नेली.

“ती वर गेली. वाकली, एका हातानं तटाची कड धरून दुसऱ्या हातानं डबी काढली. इथपर्यंत तिला काही झालं नाही. रोज चढायची ती. हातात घेतल्यावर दिसलं की दोरा लांब केलाय. घातला असता तर कमरेपर्यंत आला असता. तसाच घालून खाली येऊ शकत होती. नाही आली. तिथंच, तुटक्या कडेवर उभी राहून ती गाठ सोडायला लागली. पक्की गाठ होती. दोन्ही हात लागले, दात लागले. धरायला हात उरला नाही. उजव्या पायाखालचा दगड हलला, वहाण निसटली.”

कमलम्मानं डोळे मिटले.

“म्हंजे तिनं सोडलं न्हवतं,” संगप्पा म्हणाले.

“नाही.”

“हातात होतं.”

“हातात होतं. घालत होती.”

त्यांनी डबी कपाळाला लावली. बराच वेळ तशीच धरली. पिंपळाची पानं थांबली होती.

सीन : एकसष्ट

कमलम्मानं तटाच्या सावलीत फडकं सोडलं. भाकरी, चटणी, कांदा. आधी पंचशीलाताईंच्या हातावर भाकरी ठेवली, मग नवऱ्याच्या. संगप्पा खाता खाता म्हणाले, सहज, माझ्याकडे न बघता,

“पर त्या साहेबानं तवाच का दिलं न्हाई? कुणाला बी वर धाडलं असतं. पाच मिनिटाचं काम. एवढं काय नडलं होतं?”

मी वही उघडली. पान त्यांच्यासमोर धरलं.

“सीन अपुरा असला की वस्तू जिथं आहे तिथंच ठेवायची, असा नियम असतो. नाहीतर नंतर जुळत नाही. गंधारनं वॉकीटॉकीवर विचारलं होतं, डबी खाली आणू का. मी दरबारात कुणाची तरी मिशी बघत होते. मी म्हणाले, कुणीही हात लावायचा नाही. हे बघा. हलवू नये. हे अक्षर माझं आहे, अप्पा.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. बोट ओळीखाली धरून दुकानातली चिठ्ठी वाचावी तसं वाचलं. दोन शब्द. परत वाचले. मग वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली आणि उठून बुरुजाच्या दिशेनं चार पावलं जाऊन, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

कमलम्मा भाकरीचा तुकडा धरून होती. मी हात पुढे केला नाही.

“घे,” ती म्हणाली.

“अम्मा, नको.”

“माझी उपाशी वर गेली. तेवढं पुरं.” तिनं माझा हात ओढला, उलटा केला आणि तळव्यावर भाकरी ठेवली. “खा म्हणते ना.”

पलीकडे संगप्पा डबीचा दोरा सोडवत होते. लाल नाडा त्यांनी निराळा केला, घडी घालून खिशात ठेवला. आखूड पांढऱ्या दोऱ्याची टोकं एकत्र आणून गाठ मारली. दोन्ही हातांनी, सावकाश, जमिनीवर भक्कम उभं राहून.

मी घास तोंडात घातला. तो चावून होईपर्यंत ते वळले नाहीत.